टायरवरचा त्रिकोण

फोन आला तेव्हा मी दुकानात एका रिक्षाच्या टायरवर वाकून आकडे वाचत होतो. ही माझी चाळीस वर्षांची खोड. टायर समोर आला की लोक नक्षी बघतात, मी आधी त्याची जन्मतारीख शोधतो. चष्मा कपाळावर सरकवला होता, अंगठा टायरच्या कडेवरून फिरत होता आणि कानाशी दत्तूच्या बायकोचा, वहिनींचा आवाज होता. "भाऊजी, हे गेले." मग थोडं थांबून, "सकाळी चहा दिला होता. घेतलाच नाही..." मी काहीतरी बोललो असेन. फोन खिशात ठेवल्यावरही माझा अंगठा त्या कडेवरून फिरत राहिला, तेवढं आठवतं. मंगळवार होता. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता रविवारी जीप कोण ढकलणार? त्या विचाराची मला तिथल्या तिथे लाज वाटली. आज दीड महिन्यानंतर वाटतं, त्या दिवशी मनात जे जे आलं त्यात तोच एक विचार प्रामाणिक होता.

दत्तू आणि मी सिन्नरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. दहावीनंतर तो पलटणीत गेला, मी टायरच्या धंद्यात पडलो. तिकडे तो लष्कराच्या गाड्यांचा मेकॅनिक झाला, इकडे मी नाशिक रोडला दुकान थाटलं. "दोघंबी चाकाखालीच आलो की रे मन्या," असं तो सुट्टीवर आला की हसून म्हणायचा. हवालदार होऊन निवृत्त झाला आणि देवळालीत त्यानं लहानसं घर बांधलं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि घराच्या मानानं भलतंच ऐसपैस पोर्च. "गाडी कुठाय?" मी विचारलं. "येईल," तो म्हणाला. वर्षभरात आलीच. लष्करानं कधीकाळी लिलावात काढलेली, दोन-चार हातांतून फिरून मालेगावच्या एका भंगारवाल्याकडे पोचलेली जुनी जीप. माझ्या आणि त्याच्या लग्नांहून जुनी. दत्तूनं ती नटबोल्टापासून उभी केली. एक सुटा भाग बाहेरून करून आणला असेल तर शपथ.

या खटाटोपामागचं कारण वहिनी होत्या, हे मला बरंच नंतर कळलं. शालिनीवहिनी मूळच्या इगतपुरीच्या. वडील रेल्वेत, घर क्वार्टरमध्ये. शाळेची भिंत हायवेकडे होती आणि लष्कराच्या गाड्यांचा ताफा घाट चढून आला की साऱ्या मुली त्या भिंतीवर चढून बसायच्या. सगळ्यात पुढे जीप असायची. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेला माणूस मुलींकडे बघून हात हलवायचा. "मला त्या माणसाचं काही नव्हतं हो भाऊजी," वहिनी एकदा म्हणाल्या, "मला ती सीट पाहिजे होती." लग्नानंतर त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. नोकरीत असताना सरकारी गाडीत बायकोला बसवणं दत्तूला जन्मात जमलं नसतं, कारण नियम म्हणजे त्याचा जीव की प्राण. म्हणून निवृत्तीची वाट पाहिली, जीप शोधली, पोर्च बांधलं. इगतपुरीला जायचं, वहिनींना पुढे बसवून त्या शाळेच्या भिंतीसमोरून जायचं, बस्स. देवळालीहून दीड तासाचा रस्ता. ते दोघं त्या रस्त्यानं जीपमधून कधीच गेले नाहीत. आणि त्याचं कारण मी आहे.

पहिल्या दसऱ्याला जीप धुऊनपुसून, झेंडूचं तोरण बांधून उभी होती. वहिनी पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतली साडी आणि पायात चप्पल. पूजेला चप्पल घालून आल्या म्हणून मला नवल वाटलं, मग लक्षात आलं की पूजा झाली की त्या थेट सीटवरच बसणार होत्या. चप्पल काढून त्यांनी ओवाळलं आणि पुन्हा घातली. दत्तू माझ्यापुढे ताठ उभा राहिला, अगदी साहेबापुढे राहावं तसा. "गाडी तयार हाय. टायर तेवढे तू बघ. तुझं काम तू कर. तू पास केल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नाय." गंमत होती, पण निम्मीच. पलटणीत गाडीचा मुआयना, म्हणजे तपासणी व्हायची, आणि ज्याचं जे काम त्यानंच ते पास करायचं असा त्याचा शिरस्ता. टायर माझं खातं होतं.

मी वाकलो. टायर लष्करी नक्षीचे, त्यावरची रबराची बटणं अशी उंच की नुकतेच बसवलेत असं वाटावं. पण या जुन्या गाड्यांच्या टायरांचं दुखणं वेगळंच असतं. दुकानात येणारा प्रत्येक जण मला विचारतो, किती किलोमीटर जातील. रोज पळणाऱ्या गाडीचा टायर घासून गोटा होतो, तेव्हा तो प्रश्न बरोबर. ही गाडी वर्षाला पन्नास किलोमीटर पळायची मारामार, तिचा टायर घासणार कधी? तो जागच्या जागी म्हातारा होतो. ऊन लागतं, हवा लागते, आतलं तेल सुकतं, रबर कडक होतं, कडेला केसाएवढ्या भेगा पडतात. वरून बटणं जशीच्या तशी आणि आतून सगळा खेळ आटपलेला. सावलीत ठेवला, हवा सांभाळली तर आठ-दहा वर्षं बिनघोर काढतो, सावकाश चालवणाऱ्याच्या हातात आणखी चार-पाचही. अठरा-वीस वर्षांच्या टायरवर माणूस बसवून घाट चढू नये. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दुकान नवं होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाचा असाच जुना टायर मी बटणं बघून चालेल म्हणून सोडला होता. कसाऱ्याच्या उतारावर तो फुटला. माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. तेव्हापासून मी आधी आकडे वाचतो.

जीपच्या टायरवर तीन आकडे होते. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचा वर्षाचा. हल्ली चार आकडे असतात, त्यामुळे घोळ होत नाही. पूर्वी वर्षाचा एकच आकडा टाकत. इथं सहा होता. शहाऐंशी की शहाण्णव, ते त्या आकड्यावरून कळत नाही. नव्वदीनंतरच्या काही टायरांवर आकड्यांच्या पुढे एक बारीकसा त्रिकोण असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. तो असला तर नव्वदीतला, नसला तर आधीचा धरायचा. मी अंगठा फिरवला. त्रिकोण नव्हता. "शहाऐंशीचे आहेत," मी म्हणालो, "अठरा वर्षांचे. नापास." वहिनी ताट घेऊन आत गेल्या आणि थोड्या वेळानं चहा घेऊन आल्या. चप्पल काढलेली होती.

आता यातली मेख सांगतो. दत्तूनं टायरांना बूटपॉलिश लावलं होतं. काळं, लालसर चेरी नव्हे, आणि ब्रशनं घासून चमकवलेलं. "रबराला कुणी बूटपॉलिश लावतं का रे?" मी विचारलंही होतं. "गाडीचे बूटच हायेत ते," तो म्हणाला. दर आठवड्याला थरावर थर. आकडे ठसठशीत होते म्हणून दिसले. त्रिकोण बारीक होता, तो पॉलिशनं भरून सपाट झाला होता. टायर धुऊन बघायचं मला सुचलं नाही, आणि पलटणीत गाड्यांची सेवा केलेल्या हातांनी लावलेलं पॉलिश काढायचं त्याला सुचलं नाही. त्याच्या टापटिपीनं माझी अक्कल झाकली गेली, असं म्हणू हवं तर.

दुसरे टायर घ्यावेत, तर त्याला तीच लष्करी नक्षी हवी. साध्या जीपचे टायर मी नेऊन दाखवले तेव्हा त्यानं हातही लावला नाही. "पलटणीच्या गाडीला सिव्हिल बूट? काढ, काढ." मी शोधतो म्हणालो. शोधलेही. जे मिळाले ते याहून म्हातारे निघाले. तोवर जीप पोर्चमध्ये. ठोकळ्यांवर चढवून ठेव म्हटलं तर तेही नको, "ठोकळ्यावर आजारी गाडी असते." मग रबर एकाच जागी दबून चपटं होऊ नये म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही ती ढकलायला लागलो. पाव फेरा. पुढच्या डाव्या चाकावर, हवा भरायच्या नळीपाशी तो खडूनं एक रेघ ओढायचा, ती रेघ पाव फेरा फिरली की बस. चार रविवार पुढे, चार रविवार मागे. इंजिन तो दहा मिनिटं चालू करायचा, पण इंजिनावर हलवायचा नाही. "इंजिनावर हालली म्हंजे ती निघाली. पास नसलेली गाडी निघत नाय." मग चहा, मग पेपर, मग गल्लीतल्या कोणीतरी विचारायचं, काय हवालदार, कधी निघणार? दत्तू अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवायचा. "ह्यो सांगेल तेव्हा. टायरमधला ह्याच्यासारखा माणूस जिल्ह्यात नाय." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

पाच वर्षं अशी गेली. त्या उन्हाळ्यात एका रविवारी दत्तू चहा सांगायला आत गेला होता. पोर्चमध्ये सकाळचं तिरपं ऊन येत होतं. पुढच्या डाव्या टायरवरच्या पॉलिशला उन्हानं तडे गेले होते आणि आकड्यांच्या शेजारची एक खपली उडाली होती. तिथं त्रिकोण होता. मी खाली बसलो. नखानं खरवडून पाहिलं. त्रिकोणच. म्हणजे टायर शहाण्णवचे. पहिल्या दसऱ्याला ते आठ वर्षांचे होते, सावलीतले, निरोगी. तेव्हाच इगतपुरीला जाऊन यायला हवं होतं. आणि आताही, सावकाश गेलं तर, जाता आलं असतं... मला फक्त हाक मारायची होती. दत्तू, बाहेर ये, मी चुकलो. आतून कपबशांचा आवाज येत होता. बॉनेटवर पॉलिशची डबी उघडी होती. मी अंगठा डबीत बुडवला आणि त्रिकोणावरून फिरवला. इतकंच केलं मी. पाच वर्षं गल्लीपुढे मिरवलेली हुशारी वाचवायला तेवढं पुरेसं होतं. अंगठ्याचा काळा डाग मी रुमालाला पुसला आणि चहा घेतला. त्यानंतर जीप ढकलताना मी पुढच्या चाकाकडे गेलोच नाही. मागून जोर लावायचो.

दोन-तीन रविवारांनी पाहिलं तर खडूच्या रेघेची जागा बदललेली. नळीपासची रेघ आता टायरच्या कडेवर, आकड्यांपाशी आली होती. "जागा का रे बदलली?" मी लांबूनच विचारलं. दत्तू खडू हातात घेऊन उभा होता. "हितं नीट दिसतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. "तुला दिसतंय ना?" "दिसतंय," मी म्हणालो. तो मान हलवून स्टिअरिंगपाशी गेला. मला काही कळलं नाही असं मी इथं लिहिलं तर कुणी हरकत घेणार नाही, ते बघायला तिसरं माणूस नव्हतं. पण ते खोटं ठरेल. कळायला नको होतं म्हणून मी ते कळून घेतलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याला मनाशी ठरवून गेलो होतो, की आज पास म्हणायचं. वहिनी ओवाळून चप्पल घालून उभ्या होत्या. दत्तूनं विचारलं, "काय साहेब, पास?" गल्लीतली दोन-तीन माणसं प्रसाद घ्यायला आलेली. मी म्हणालो, "नापास." पुढच्या वर्षी म्हणू, असं वाटलं. पुढच्या वर्षीही तसंच वाटलं. खोट्याची एक गंमत असते, ते दरवर्षी थोडं महाग होतं. आज सांगायचं तर गेल्या वर्षी का नाही सांगितलं, ते आधी सांगावं लागतं. आणि तिकडे टायर त्यांच्या गतीनं म्हातारे होत होते. माझं नापास खोटं होतं ते अर्धवट खरं झालं, मग पाऊण. मी खोटं बोलत राहिलो तोवर ते पुरतं खरं झालं. शेवटच्या दसऱ्याला दत्तू पोर्चमध्ये खुर्चीवर बसला होता, दम लागायचा त्याला. त्यानं पास की नापास ते विचारलं नाही. "काय राहिलंय का रे मन्या त्यांच्यात आता?" एवढंच म्हणाला. मी मागच्या चाकापाशी बसून कडेवर बोट दाबलं. भेगा उघडल्या. "नाही रे," मी म्हणालो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला टायरबद्दल खरं सांगितलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी सवयीनं सकाळी गेलो. वहिनींनी दार उघडलं, "बसा" म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी जीपला एक वळसा घातला. पंधरा वर्षांत प्रथमच पुढच्या डाव्या चाकापाशी खाली बसलो. टायर नेहमीसारखा काळाभोर, चकचकीत. आजारी माणसानं शेवटच्या आठवड्यातही ब्रश मारलेला दिसत होता. खडूची रेघ होती. आणि रेघेला लागून, नखाएवढ्या जागेत, पॉलिश नव्हतं. मुद्दाम सोडलेली जागा. रबर करडं पडलेलं आणि मधोमध तो त्रिकोण, स्वच्छ. दर आठवड्याला त्याच्या बाजूबाजूनं ब्रश फिरवून त्यानं तेवढी जागा मोकळी ठेवली होती. मी बघावं म्हणून. मी खाली बसावं म्हणून. आणि मी पंधरा वर्षं मागून ढकलत होतो.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी तिथंच जमिनीवर होतो. "वहिनी, मला एक सांगायचं होतं..." "त्रिकोणाचं?" त्या म्हणाल्या. कप त्यांनी बॉनेटवर ठेवला. "ह्यांनी मला दाखवला होता. त्याच उन्हाळ्यात. त्यावर तुमच्या अंगठ्याचा ठसा होता, तोही दाखवला." मला वर बघवेना. "मी म्हटलं, मग चला की, टायर चांगले आहेत ना? तर म्हणाले, मन्याला कळलंय. तो सांगेल आपणहून. त्यानं पास करायच्या आधी गाडी बाहेर काढली तर त्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाय. दर दसऱ्याला म्हणायचे, बघ, ह्या वर्षी सांगतो का नाय." वहिनींचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "पंधरा वर्षं, भाऊजी. त्यांनी तुमची लाज राखली आणि तुम्ही तुमची. मी आपली दरवर्षी चप्पल घालून उभी. मला कुणी विचारलं का, की बाई, तुला टायरचा भरवसा आहे का? मी बसले असते. मला राग येतो तुम्हा दोघांचा. त्यांचा जास्त येतो, पण ते गेले, म्हणून तुम्ही ऐका."

मी ऐकलं. माफ करा म्हणालो, ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. चहावर साय धरली. एकाएकी वहिनी आत गेल्या. मला वाटलं, आता उठावं, या घरातली आपली खुर्ची संपली. त्या बाहेर आल्या तेव्हा पायात चप्पल होती. जीपच्या पुढच्या सीटवर चढल्या, पदर नीट केला, समोर बघितलं. "फाटक उघडा," म्हणाल्या. मी उघडलं. "पाव फेरा ढकलण्यापुरते तरी पास आहेत का?"

माझं चाळीस वर्षांचं काम, पण या जीपला हा एक शब्द मी कधी दिला नव्हता. "पास आहेत, वहिनी," मी म्हणालो. मागे गेलो, मग थांबलो, आणि पुढे येऊन डाव्या बाजूनं, त्या चाकाशेजारी उभा राहून जोर लावला. एकट्याला जीप जड गेली. हलली. पुढची चाकं फाटकाच्या लोखंडी पट्टीवर चढली, अडली, पलीकडे उतरली. वहिनी सीटवर ताठ बसून होत्या. समोर गल्ली होती, एक दूधवाला सायकल धरून बघत उभा राहिला होता. वहिनींनी त्याच्याकडे बघून हात हलवला. आणि मग तोच हात तोंडावर धरून त्या रडल्या, दीड महिन्यात मी पाहिलं ते तेवढंच.

जीप आम्ही मागे घेतली नाही. वहिनींनी घेऊ दिली नाही. नवे टायर आणतो म्हणालो, मिळतील ते, सिव्हिल का होईना. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. अजून ती तशीच आहे, पुढची दोन चाकं गल्लीत, मागची दोन पोर्चमध्ये. गल्लीतले लोक वळसा घालून जातात, कुणी तक्रार करत नाही. पाव फेरा फिरल्यामुळे खडूची रेघ वर आली आहे आणि तिच्याशेजारचा त्रिकोण आता रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतो. ती रेघ पुसायची नाही, असं वहिनींनी मला सांगितलंय.